तैलरंग शिकण्यासाठी कॉन्स्टेबलची कॉपी कशी करावी

तैलरंगात निसर्गचित्र शिकायचे असेल तर एखाद्या थोर चित्रकाराच्या चित्राची कॉपी करावी, हा सल्ला जुना आहे आणि माझ्या मते आजही योग्य आहे. तो पाळण्याची रीत मात्र बहुतेक वेळा चुकते. शिकणारा चित्राचा प्रिंट काढतो, त्यावर चौकटी आखतो, तशाच चौकटी कॅनव्हासवर आखतो आणि डाव्या वरच्या कोपऱ्यापासून बारीक ब्रशने एकेक घर भरत खाली येतो. काही आठवड्यांनी मूळ चित्रासारखे दिसणारे काहीतरी तयार होते, घरचे कौतुक करतात, पण पुढच्या कोऱ्या कॅनव्हाससमोर तोच माणूस पुन्हा अडतो. कारण तैलचित्र थराथराने वाढते. आपल्याला दिसतो तो त्यातला शेवटचा थर. ग्राउंड कोणत्या रंगाचा असावा, गडद भाग कुठे एकत्र करावेत, आकाश केव्हा आणायचे, बारकावा कुठे टाळायचा, हे सगळे निर्णय त्याच्या खाली झाकलेले असतात. चौकटी भरणाऱ्याचा त्यांपैकी एकाशीही संबंध येत नाही. म्हणून कॉपी करायची ती या निर्णयांच्या क्रमाची, आणि त्यासाठी चित्रही असे निवडायचे ज्याचा क्रम आज आपल्याला पाहता येतो. जॉन कॉन्स्टेबलचे ‘द हे वेन’ हे १८२१ चे चित्र या कामासाठी इतके सोयीचे आहे की नवशिक्याने दुसरीकडे जाऊच नये असे मला वाटते.

हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. इंग्लंडच्या सफोक परगण्यातील फ्लॅटफर्ड गिरणीजवळचा स्टूर नदीचा काठ त्यात दिसतो. डावीकडे विली लॉट या शेतकऱ्याचे घर, मध्ये उथळ पाण्यात उभी असलेली रिकामी गवतगाडी, उजवीकडे उन्हात पसरलेले कुरण आणि वर मोठे ढगाळ आकाश. पाहणाऱ्याला वाटते की चित्रकार काठावर बसला आणि समोरचे रंगवून मोकळा झाला. प्रत्यक्षात हे चित्र १८२० – २१ च्या हिवाळ्यात लंडनच्या स्टुडिओत, नदीपासून दूर, जुन्या अभ्यासचित्रांवरून तयार झाले. घराची तैलरंगातली छोटी अभ्यासचित्रे कॉन्स्टेबलने आधीच्या दशकात जागेवर केली होती. संपूर्ण रचनेचे हाताच्या पंजाएवढे तैल-स्केच अमेरिकेत येलच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. त्यानंतर त्याने अंतिम चित्राच्याच आकाराचे, म्हणजे जवळजवळ सहा फूट रुंदीचे, एक मोकळेढाकळे स्केच केले. ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. गाडीचा तपशील हाताशी नव्हता, तेव्हा त्याने गावाकडून धाकट्या जॉन डनथॉर्नकडून गाडीचे रेखाटन मागवले. मोठ्या स्केचमध्ये पुढच्या भागात घोडा आणि त्यावरचा स्वार होता. अंतिम चित्रात त्याने त्या जागी पिंप आणले आणि नंतर तेही रंगाखाली झाकून टाकले. एवढ्या टप्प्यांचा पुरावा हाती असताना फक्त शेवटचे चित्र समोर ठेवणे म्हणजे शिकण्यातला मोठा भाग आपल्या हाताने सोडून देणे होय.

रोमँटिक काळातली इतर प्रसिद्ध निसर्गचित्रे मोहात पाडतात, पण पहिल्या कॉपीसाठी ती गैरसोयीची आहेत. कास्पार डेव्हिड फ्रिडरिश आधी काटेकोर रेखाटन करी आणि त्यावर इतके पातळ, पारदर्शक थर देई की ब्रशचा माग उरत नसे. असा गुळगुळीत पृष्ठभाग पाहून हात काय करत होता हे नवशिक्याला कळणे कठीण. टर्नरची अडचण वेगळी. त्याने टिकाऊ नसलेले रंगही बेधडक वापरले, माध्यमांचे प्रयोग केले, आणि त्याच्या अनेक चित्रांचे रंग उडाले किंवा पृष्ठभाग तडकले. आज दिसते ते त्याने रंगवले तसेच आहे असे धरून चालता येत नाही. कॉन्स्टेबलचा फटकारा मात्र उघडा आहे. रंग कुठे जाड दिला, कुठे पॅलेट नाइफने खेचला, कुठे खालचा तपकिरी थर तसाच सोडला, हे चांगल्या छायाचित्रातही दिसते.

आता सर्वात जुना आक्षेप. कॉपी केल्याने स्वतःची नजर मरते, असे अनेक शिक्षक आजही सांगतात. हा आक्षेप हलका नाही, कारण तो खुद्द कॉन्स्टेबलनेच घेतला होता. १८०२ मध्ये मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने खंत केली होती की गेली दोन वर्षे आपण चित्रांच्याच मागे धावलो आणि सत्य दुसऱ्याच्या हातून घेत राहिलो. त्यानंतर तो गावाकडे जाऊन निसर्गासमोर बसला. पण गोष्ट तिथे संपत नाही. १८२३ मध्ये, ‘द हे वेन’ पूर्ण झाल्यावर, वयाच्या ४७ व्या वर्षी हाच माणूस सर जॉर्ज बोमंट यांच्या कोलऑर्टन येथील घरी काही आठवडे राहिला आणि तिथे क्लोद लोरॅन या सतराव्या शतकातील चित्रकाराच्या चित्रांच्या कॉपी करत बसला. त्यांपैकी शेळ्या राखणाऱ्या गुराख्याच्या चित्राची कॉपी आज ऑस्ट्रेलियात सिडनीच्या संग्रहात आहे. १८३२ मध्ये त्याने रॉइसडालच्या हिवाळी दृश्याची कॉपी केली. तेव्हा त्याची तक्रार कॉपीविरुद्ध नव्हती असे मी समजतो; निसर्ग न पाहता केवळ चित्रांवर जगण्याविरुद्ध ती होती. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८९ – ९० मध्ये सँ रेमीच्या रुग्णालयात मिलेच्या चित्रांवरून वीसएक चित्रे केली, तीही कृष्णधवल छापांवरून. रंग त्याला स्वतःच ठरवावे लागले. त्यांत मिलेची रचना आहे आणि तरी त्यांतली एकही कृती व्हॅन गॉगची नाही असे कोणी म्हणणार नाही. गाणे शिकणारा गुरूची बंदिश वर्षानुवर्षे जशीच्या तशी घोटतो आणि त्यातूनच पुढे स्वतःची बढत करू लागतो, हे आपल्याकडे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. चित्रकलेबाबतच आपण घाबरतो.

आणि आपल्याकडेही याचा भक्कम दाखला आहे. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगातल्या प्रतिकृती केल्या. हेतू नोंद ठेवण्याचा होता. लंडनला पाठवलेल्या त्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या, ही मोठी हानी. पण त्या कामावर घडलेले हात राहिले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. पुढे ते मुंबईतले नामवंत व्यक्तिचित्रकार झाले. अजिंठ्याची रेषा गिरवल्याने त्यांची स्वतःची नजर मेली असे त्यांच्या व्यक्तिचित्रांकडे पाहून म्हणता येत नाही.

तयारीकडे वळू. ‘द हे वेन’चा आकार १३०.२ बाय १८५.४ सेंटिमीटर आहे. उंची-रुंदीचे हे प्रमाण ए-३ कागदाच्या प्रमाणाशी जवळजवळ जुळते, त्यामुळे ए-३ आकाराचा कॅनव्हास बोर्ड किंवा तैलरंगाचा जाड कागद घेतला तर रचना न कापता बसते. एकाच वेळी चार बोर्ड तयार करा. बाजारातला बोर्ड बहुधा पांढरा असतो. तो तसाच वापरू नका. कॉन्स्टेबल पुष्कळदा तांबूस-तपकिरी, गुलाबीकडे झुकणारा ग्राउंड आधी देत असे. जेसोच्या थरावर बर्न्ट सिएना आणि थोडा यलो ऑकर असा अॅक्रिलिक रंग पातळ करून चिंधीने पुसत लावा. तो लवकर वाळतो आणि त्यावर तैलरंग चालतो. उलट क्रम कधीही नको, तैलरंगावर अॅक्रिलिक धरत नाही. रंगांच्या ट्यूब कमी घ्या: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, एक उजळ पिवळा, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू आणि एक तांबडा. कॉन्स्टेबलचा पांढरा शिशाचा होता. तो विषारी असल्याने आपण टाळायचा, पण एवढे ध्यानात ठेवायचे की टायटॅनियम त्याहून जास्त झाकतो आणि मिश्रणे थंड, खडूसारखी करतो. म्हणून तो जपून घालावा. हॉगच्या केसांचे दोन रुंद फ्लॅट ब्रश, एक मध्यम, एक बारीक राउंड आणि एक लवचिक पॅलेट नाइफ पुरे. बारीक ब्रश शेवटच्या टप्प्यापर्यंत डब्यातच राहू द्या.

पहिला बोर्ड फक्त टोनसाठी. चित्राचे छायाचित्र मोबाइलवर कृष्णधवल करा आणि डोळे अर्धवट मिटून पाहा. घरामागची झाडे आणि त्यांची पाण्यातली सावली मिळून डावीकडे एकच मोठा गडद आकार होतो, कुरण मध्यम, आकाश सर्वात उजळ, पण सगळीकडे सारखे नाही. बर्न्ट अंबर आणि पांढरा एवढ्यावर, चार टोनमध्ये, हा सांगाडा एका बैठकीत उभा करा. खिडक्या, फांद्या, घोड्यांचे पाय काहीही काढू नका. हे काम कंटाळवाणे वाटते आणि अनेकजण ते वगळतात. पण निसर्गासमोर बसल्यावर आपली बहुतेक चित्रे फसतात ती रंग चुकल्यामुळे कमी आणि टोन विखुरल्यामुळे जास्त. एखादे झाड समोर दिसते तसे पान-पान रंगवत गेले की गडद भागाचे तुकडे होतात आणि चित्राचा आधार जातो. कॉन्स्टेबलने शेकडो पानांचा पसारा एका गडद आकारात कसा बांधून ठेवला, हे या पहिल्या बोर्डावर जेवढे कळते तेवढे पूर्ण रंगातल्या कॉपीत कळत नाही.

दुसऱ्या बोर्डावर समोर ठेवायचे ते मोठे स्केच, अंतिम चित्र नव्हे. या स्केचमध्ये तपकिरी ग्राउंड जागोजागी उघडा आहे, झाडे फटकाऱ्यांनी सुचवली आहेत. इथे दोन्ही रुंद ब्रश वापरा, रंग टर्पेंटाइनने पातळ ठेवा, आणि आकाश आधी घ्या. कॉन्स्टेबलच्या लेखी आकाश हे निसर्गचित्रातल्या भावनेचे मुख्य साधन होते आणि त्यासाठी त्याने केलेली मेहनत थक्क करणारी आहे. १८२१ आणि १८२२ मध्ये हॅम्पस्टेडला तो उघड्यावर बसून ढग रंगवत असे आणि मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवत असे. १८२२ च्या एका पत्रात त्याने अशा सुमारे ५० अभ्यासचित्रांचा उल्लेख केला आहे. शिकणाऱ्यासाठी यातला धडा असा की खाली जमिनीवर पडणारा प्रकाश वरच्या आकाशातूनच आलेला दिसला पाहिजे. म्हणून आकाशाचा ओला राखाडी पॅलेटवरून पुसून टाकू नका. तोच पाण्यात, घराच्या भिंतीवर, गाडीच्या लाकडावर थोडाथोडा मिसळा. निळ्या आकाशासाठी निळा आणि हिरव्या कुरणासाठी हिरवा असे वेगळे डबे उघडून रंगवलेले चित्र तुकड्यातुकड्यांचे दिसते, मग प्रत्येक तुकडा कितीही हुबेहूब असो.

हिरव्याबद्दल जरा थांबून लिहायला हवे, कारण निसर्गचित्र रंगवणारे सर्वात जास्त तिथेच फसतात. त्या काळी जुन्या चित्रांवरच्या पिवळ्या-तपकिरी वार्निशमुळे निसर्गचित्रही तपकिरीच असावे अशी समजूत होती. लेस्लीने लिहिलेल्या कॉन्स्टेबलच्या चरित्रात प्रसंग आहे: बोमंट यांनी जुन्या व्हायोलिनचा रंग आदर्श म्हणून सांगितला तेव्हा कॉन्स्टेबलने व्हायोलिन उचलून घरासमोरच्या हिरवळीवर ठेवले. पण हिरवा वापरणे म्हणजे ट्यूबमधला हिरवा चोपडणे नव्हे. फ्रेंच चित्रकार देलाक्रवा याने रोजनिशीत नोंदले आहे की कॉन्स्टेबलच्या कुरणाचा हिरवा अनेक वेगवेगळ्या हिरव्यांनी बनलेला असल्यामुळे तो सरस ठरतो. हे तपासून पाहायचे असेल तर तिसऱ्या बोर्डाचे दोन भाग करा. एका भागात ट्यूबमधला एकच हिरवा पांढऱ्याने उजळून आणि काळ्याने गडद करून कुरण रंगवा. दुसऱ्यात प्रशियन ब्लू आणि यलो ऑकर, अल्ट्रामरीन आणि उजळ पिवळा, तसेच त्यांत कमी-जास्त बर्न्ट सिएना अशी निदान सहा मिश्रणे करून ती एकमेकांत न घोटता शेजारी-शेजारी ठेवा आणि मधून तांबूस ग्राउंड डोकावू द्या. पहिला भाग प्लास्टिकसारखा सपाट राहतो, दुसऱ्यात ऊन येते. घोड्यांच्या गळपट्ट्यावरचा तांबडाही तेव्हाच कळतो. तो इवलासा आहे, पण भोवतालचे सगळे हिरवे त्याच्यामुळे जास्त हिरवे वाटतात. तो ठिपका झाकून पाहा आणि मग उघडा.

चौथ्या बोर्डावर अंतिम चित्र. आता मात्र नॅशनल गॅलरीच्या संकेतस्थळावरचे मोठे करून पाहता येणारे छायाचित्र समोर ठेवा. क्रम तोच: पातळ तपकिरी रेखाटन, मोठे गडद आकार, आकाश, मग मधला पल्ला, शेवटी पुढचा. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ आणि वरच्या थरात जवसाच्या तेलाचे प्रमाण अधिक, हा नियम मोडू नका; तेलकट थर सावकाश वाळतो, आणि त्यावर आधी वाळणारा कोरडा थर आला तर वरचा तडकतो. प्रत्येक टप्प्यानंतर बोर्ड वाळू द्या. सगळ्यात शेवटी पानांवर, पाण्यावर पांढरे ठिपके पॅलेट नाइफच्या टोकाने अलगद टेकवा. या चकाकणाऱ्या ठिपक्यांची टीकाकारांनी ‘कॉन्स्टेबलचा बर्फ’ म्हणून थट्टा केली. पॅरिसमध्ये मात्र १८२४ च्या सलोंमध्ये याच चित्राला सुवर्णपदक मिळाले. नवशिक्या हे ठिपके आधीच देऊन बसतो आणि मग त्यांच्याभोवती सांभाळून रंगवत राहतो. ते शेवटचेच काम आहे.

दुसरा आक्षेप असा की छायाचित्रावरून केलेली कॉपी खोटीच, कारण पडद्यावरचा रंग खरा नसतो. हे खरे आहे. पण वर सांगितलेल्या पद्धतीत शिकायचे आहे ते रंगांचे नाते, एखाद्या छटेचा आकडा नव्हे. दोन वेगळ्या छायाचित्रांत निळा बदलला तरी आकाश कुरणापेक्षा किती उजळ आहे हे फारसे बदलत नाही. छायाचित्रात हरवते ती रंगाची जाडी. ती पाहायला खरे तैलचित्र हवे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रे आहेत; तिथे चित्रासमोर सरळ उभे न राहता बाजूने, प्रकाश पृष्ठभागावर तिरका पडेल असे पाहा. रंग कुठे उंच आहे, कुठे कॅनव्हासचा पोत दिसतो, हे पाच मिनिटांत समजते.

इंग्लंडच्या ओल्या, मवाळ उजेडावर घडलेली नजर आपल्या कडक उन्हात काय कामाची, असेही विचारले जाते. कॉन्स्टेबलचे रंग सह्याद्रीवर नेऊन थोपले तर ती चूक ठरेल यात शंका नाही. पण टोन बांधणे, आकाशातून प्रकाश उतरवणे, मिश्र हिरवे जवळजवळ ठेवणे या गोष्टी सफोकच्या मालकीच्या नाहीत. आबालाल रहिमान जे. जे. मध्ये पाश्चात्त्य पद्धतीने शिकले आणि कोल्हापूरला परतून त्यांनी कोटितीर्थ, रंकाळा हा परिसर रंगवला. त्या चित्रांतले पाणी आणि उजेड कोल्हापूरचाच आहे.

काही गोष्टी थोडक्यात. जवसाचे तेल लागलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून मगच टाका. टर्पेंटाइन उघड्या खिडकीजवळ वापरा. दमट पावसाळ्यात बोर्ड भिंतीला चिकटवून ठेवला तर मागे बुरशी धरते, तेव्हा वारा खेळू द्या. वार्निशची घाई नको; जाड थर असेल तर सहा महिने ते वर्षभर थांबा. कॉन्स्टेबल १८३७ मध्ये वारला, त्यामुळे कॉपीला कायद्याची आडकाठी नाही, पण त्याची सही कधीही उतरवू नका आणि मागे ‘कॉन्स्टेबलवरून’ असे स्पष्ट लिहा. लूव्रमध्ये बसून कॉपी करणाऱ्यांनाही मूळ चित्राच्या आकाराची कॉपी करू दिली जात नाही आणि सही उतरवायला मनाई आहे. त्यामागचा विचार घरच्या कॉपीलाही लागू आहे.

चौथा बोर्ड वाळत असतानाच आणखी दोन बोर्डांना तांबूस ग्राउंड देऊन ठेवा. लगेच दुसरे प्रसिद्ध चित्र कॉपीसाठी घेऊ नका. पावसाची उघडीप मिळाली की आपल्या गावची नदी, ओढा किंवा तलाव गाठा; जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडेही ढग कॉन्स्टेबलच्या ढगांइतकेच बोलके असतात. पहिल्या बोर्डावर चार टोन, दुसऱ्यावर आकाश आधी, आणि मागे तारीख, वेळ व वाऱ्याची दिशा लिहायला विसरू नका.